झाकणातलं भोक : १९५६ च्या एका जॉन्सन आउटबोर्डचं प्रकरण

मिनेसोटातल्या माझ्या एका मित्राने तळ्याकाठी जुनं घर घेतलं. शेड रिकामी करून मिळेल असं ठरलं होतं. ताबा घेतला तेव्हा शेडमध्ये गवत कापायचं बंद पडलेलं यंत्र, बर्फाला भोक पाडायचं हातगिरमीट, वाळून दगड झालेले रंगाचे डबे आणि लाकडी घोडीवर टांगलेली बोटीची एक मोटर, सगळं जागच्या जागी होतं. मोटरशेजारी पत्र्याची एक टाकी आणि बुटाचं एक खोकं. बाकीचं मित्राने कचऱ्यात घातलं. मोटरचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "चालेल का रे?"

फोटो बघून याचं उत्तर देणारा माणूस एकतर थापा मारत असतो किंवा तीच मोटर विकायला बसलेला असतो. मी शनिवारी गेलो.

मी पेशाने मेकॅनिक नाही. लहानपणी साताऱ्यात घरच्या लूनाचा प्लग घासणं, पॉइंटला पॉलिश पेपर मारणं, जेटमधून फुंकर मारणं हे सगळं केलेलं आहे. त्याच भांडवलावर इथे हिवाळ्याचे पाच महिने काढायला जुन्या आउटबोर्ड उघडायला लागलो. ही माझ्या हाताखालची सहावी. सविस्तर लिहितोय, कारण या मोटरमध्ये तिचा स्वतःचा दोष थोडाच होता. तिला भलतीच कुणीतरी समजून केलेल्या उपायांनी तिचे जास्त हाल झाले होते.

आधी नाव-गाव

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून शिकंजाने आवळायची मोटर. डोकं वर, पाय पाण्यात, पायाच्या टोकाला पंखा. या मोटरच्या हूडवर कुणीतरी घराच्या भिंतीचा पांढरा रंग ब्रशने फासला होता. मूळ रंग, नाव, चिन्हं सगळी त्याखाली गडप. हँडलला सुतळीने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती आणि तिच्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं : एव्हिनरुड, साडेसात.

मित्राने आपल्या परीने शोध घेऊन ठेवला होता. जॉन्सन आणि एव्हिनरुड मोटरांचं साल ओळखायचा एक सांकेतिक शब्द असतो, 'इंट्रोड्यूसेस'. त्यातल्या दहा अक्षरांना एक ते नऊ आणि शेवटी शून्य असे आकडे दिलेले असतात, आणि मॉडेल क्रमांकातली दोन अक्षरं वाचली की साल कळतं. त्याला शिकंजाजवळच्या रंगाखाली कुठेतरी एक 'डी' दिसला होता. डी म्हणजे सहा, म्हणून ही साठच्या दशकातली, असा त्याने निष्कर्ष काढला. संकेत खरा आहे, पण तो १९८० पासूनच्या मोटरांना लागू पडतो. त्याआधीच्या मोटरवर तो वापरणं म्हणजे आजोबांचं वय नातवाच्या पत्रिकेवरून काढणं.

या काळातल्या जॉन्सनची पाटी फळीला आवळायच्या ब्रॅकेटवर असते. पत्र्याची छोटी पाटी, त्यावर ठोकलेली अक्षरं. ती घासायची नाही. ठसा उथळ असतो, पॉलिश पेपरच्या चार हातांत कायमचा जातो. मी रंग काढायचं द्रव कापसाने लावून दहा मिनिटं थांबलो आणि लाकडाच्या काडीने रंग खरवडला. आधी 'क्यू' निघाला, मग मित्राचा 'डी', मग आडवी रेघ, मग १७.

क्यूडी-१७. जॉन्सनची दहा अश्वशक्तीची, साल १९५६. मॉडेलमध्ये 'एल' हे अक्षर नाही, म्हणजे आखूड पायाची, सुमारे पंधरा इंच उंचीच्या फळीसाठी.

पण पाटी फक्त ब्रॅकेटचं वय सांगते. सत्तर वर्षांत या मोटरांचे हूड, पाय, अगदी अख्खी इंजिनंसुद्धा बदललेली असतात. दोन मेलेल्या मोटरांतून एक जिवंत करणं हा इथला जुना उद्योग आहे. म्हणून आणखी साक्षीदार शोधले. पुढे, न्यूट्रल आणि मागे असा गिअर आहे. टाकी मोटरच्या डोक्यावर नाही, वेगळी आहे. क्यूडी ही मालिका १९४९ मध्ये आली ती या दोन गोष्टी घेऊनच. त्याआधीच्या बहुतेक मोटरांना मागे जायचं तर अख्खी मोटर उलटी फिरवावी लागे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे टाकीपासून मोटरकडे येणारी नळी दुहेरी होती. एकमेकींना चिकटलेल्या दोन नळ्या, शेवटी एकच जोडणी. १९६० च्या आसपास या कंपनीने मोटरवर पेट्रोलचा पंप बसवायला सुरुवात केली आणि दुहेरी नळी गेली. म्हणजे मोटर १९४९ आणि १९६० च्या मधली. पाटीचं आणि नळीचं जमलं.

चिठ्ठीवरची साडेसात अश्वशक्ती चुकीची होती, नाव मात्र निम्मंच चुकीचं. नॉर्वेतून आलेल्या ओले एव्हिनरुडने १९०९ मध्ये मिलवॉकीत आउटबोर्डचा धंदा सुरू केला. जॉन्सन बंधू इंडियानातले, त्यांच्या मोटरा १९२० च्या दशकापासूनच्या. पुढे १९३० च्या दशकात दोन्ही घरं एकाच कंपनीच्या छपराखाली आली, तिचंच नाव नंतर आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन झालं. पन्नाशीच्या दशकात त्यांच्या मोटरा वरून वेगळ्या आणि आतून सख्ख्या बहिणी. ही कंपनी डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली, तरी सुटे भाग आजही मिळतात. याचं कारण असं की पन्नाशीच्या सुरुवातीला बसवलेलं मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीची वीज बनवणारी जोडणी, सत्तरीच्या दशकापर्यंत लहान दोन-सिलिंडर मोटरांत जवळजवळ तसंच चालू राहिलं, आणि इतक्या मोटरांना लागणारा भाग बनवणं बाहेरच्या कारखान्यांना परवडतं.

बुटाच्या खोक्यात आठ स्पार्क प्लग निघाले. सगळे जवळजवळ नवे, टोकं जेमतेम काळवंडलेली. शिवाय इंजिन चालू करायच्या फवाऱ्याचा अर्धा डबा. त्या वेळी मी ते खोकं बाजूला सरकवलं. इतके प्लग कुणी का घ्यावेत हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

पेट्रोल, तेल आणि सुताराची लाख

मित्राने येताना पंपावरून साधं पेट्रोल आणि बोटींच्या टू-स्ट्रोक तेलाची बाटली आणली होती. बाटलीवर ५० ला १ लिहिलेलं. मी पेट्रोल परत न्यायला लावलं. पेट्रोल परत घेत नाहीत, ते त्याने स्वतःच्या गाडीत ओतलं. तेल चांगलं होतं, फक्त त्याचं माप चुकीचं.

५० ला १ हे प्रमाण या कंपनीच्या मोटरांत १९६४ पासून आलं. त्याआधीच्या मोटरांच्या आतली बुशिंगं आणि बेअरिंगं जास्त तेलावर जगायला बनवलेली आहेत. क्यूडी-१७ ला २४ ला १. अमेरिकन मापात हे फार सुटसुटीत बसतं : सहा गॅलनच्या टाकीला एक क्वार्ट तेल. आपल्या मापात लिटरमागे ४२ मिली. चेतकवाल्यांना पंपावर लिटरमागे २० मिली आठवत असेल, म्हणजे इथे त्याच्या दुप्पट. धूर होतो, प्लग थोडे लवकर काळे होतात, तळ्याच्या पाण्यावर रंगीत तवंग दिसतो. ही या मोटरांची नावडती बाजू आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. जुन्या टू-स्ट्रोकमधलं पाव हिस्सा इंधन न जळताच बाहेर जातं. मी म्हणूनच मित्राला सांगितलं की ही मोटर रोज मासेमारीला न्यायची नाही, रविवारी तासभर फिरवायची.

तेल कुठलं, यालाही महत्त्व आहे. बाटलीवर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं हवं. स्कूटरचं टू-टी इथे चालत नाही. हवेने थंड होणारं इंजिन खूप तापतं, त्याच्या तेलात राख सोडणारी धातूची द्रव्यं असतात. पाण्याने थंड होणारं इंजिन त्यामानाने थंड राहतं, तिथे ती राख पिस्टनच्या माथ्यावर साचते आणि अवेळी पेट घडवते.

आता पेट्रोल. अमेरिकेत पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं, भारतात आता २० टक्क्यांवर गेलंय. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि पुरेसं पाणी ओढलं की पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. हे सगळ्यांना माहीत असतं. या मोटरमध्ये आणखी एक गोष्ट आहे, ती कार्बोरेटर उघडल्यावर दिसली.

फ्लोट, म्हणजे आतल्या पेट्रोलवर तरंगून पातळी भरली की सुईने पेट्रोलची वाट बंद करणारा तुकडा, बुचाचा आहे. खराखुरा कॉर्क, गोल कडं कापून केलेला, आणि पेट्रोल आत मुरू नये म्हणून त्यावर लाखेचा हात दिलेला. आपल्याकडे सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून स्पिरिट पॉलिश करतो. स्पिरिट म्हणजे अल्कोहोल, इथेनॉल म्हणजेही तेच. म्हणजे पंपावरचं पेट्रोल या कार्बोरेटरात ओतलं की फ्लोटचं पॉलिश हळूहळू उतरत जातं. मग बूच पेट्रोल पितं, जड होतं, बुडतं, सुई बंद होत नाही आणि कार्बोरेटर वाहू लागतो. आमचा फ्लोट हातात घेतला तर नखाने दाबल्यावर ओला डाग उमटत होता. खालच्या भांड्यात मधासारखा चिकट, पिवळट राळ.

फ्लोट चार दिवस वाळवला, हलका घासला आणि त्यावर सायनोअॅक्रिलेटचा, म्हणजे साध्या सुपरग्लूचा, पातळ थर दोनदा दिला. त्याला इथेनॉल काही करत नाही. तरीही पेट्रोल बिनइथेनॉलचंच आणलं. मिनेसोटात जुन्या संग्राह्य गाड्या, बोटी, स्नोमोबाइल आणि लहान इंजिनं यांच्यासाठी असं पेट्रोल विकायला कायद्याने मुभा आहे, आणि पंपावर तशी पाटी लावलेली असते. गॅलनमागे थोडं महाग पडतं. वर्षाला दोन टाक्या जाळणाऱ्या माणसाने त्यावर विचार करू नये.

ठिणगी

तेल-पेट्रोलाच्या आधीच एक काम उरकलं होतं. प्लग काढून दोन्ही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजलं. दोन्ही सत्तर पौंडांच्या आसपास, फरक तीनचा. या वयाच्या मोटरला आकड्यापेक्षा दोन्ही सारखे असणं महत्त्वाचं. सारखे नसते तर मी तिथेच हत्यारं आवरली असती.

ठिणगी शून्य. याचं आश्चर्य वाटलं नाही. फ्लायव्हील, म्हणजे चुंबकं बसवलेलं जड चाक, काढल्यावर ठिणगीची वीज बनवणाऱ्या दोन्ही कॉइल दिसल्या, दोन्हींचं प्लास्टिक उन्हात तडकलेल्या बादलीसारखं फुटलेलं, आतली तांब्याची तार भेगेतून दिसत होती. त्या काळातल्या या कंपनीच्या कॉइलचा हा कुळाचारच आहे. न फुटलेली जोडी मी अजून पाहिलेली नाही.

फ्लायव्हील काढताना एक सांगतो. त्याच्या माथ्यावर आटे पाडलेली तीन भोकं असतात, पुलर तिथे लावायचा. कडेला पकडून ओढलं किंवा दांड्यावर हातोडा घातला तर फ्लायव्हील फाकतं किंवा क्रँकचं टोक बसतं. मग मोटर फोटो काढण्यापुरतीच उरते.

नव्या कॉइल, नवे पॉइंट, नवे कंडेन्सर. कॉइलचे लोखंडी पाय खालच्या प्लेटवरच्या उंचवट्यांच्या कडेशी बरोबर जुळवून बसवायचे. बोटाने चाचपून बघायचं, नखाला पायरी लागता कामा नये. पाय बाहेर राहिले तर फ्लायव्हीलची चुंबकं घासतात, आत गेले तर ठिणगी दुबळी पडते. पॉइंटचं अंतर २० थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर. नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून कारखान्यातून एक पारदर्शक लेप येतो, तो पुसायला लोक विसरतात आणि मग नवे पॉइंट खराब निघाले म्हणतात. स्पिरिटमध्ये भिजवलेली व्हिजिटिंग कार्डाची पट्टी पॉइंटमधून दोनदा ओढली की झालं.

दोरी ओढली. तपासणीच्या पाव इंचाच्या फटीतून निळी ठिणगी टक्‌ टक्‌ उडी मारायला लागली.

खालच्या पायाचं काम थोडक्यात सांगतो. गिअरचं तेल काळं होतं पण दुधाळ नव्हतं, म्हणजे सील शाबूत. नवं तेल खालच्या भोकातून वर येईपर्यंत भरलं. पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर लाकडासारखा कडक आणि एका बाजूला वाकलेला, तो बदलला. पंख्यातली पिन मात्र बघण्यासारखी होती. पंखा दगडावर आपटला तर गिअर वाचावेत म्हणून एक मऊ पिन असते, तिने तुटायचंच असतं. तिच्या जागी कुणीतरी लोखंडी खिळा कापून घातला होता. खिळा तुटला नसता, गिअर तुटले असते.

चार मिनिटं

मे महिन्याचा शेवट. बर्फ जाऊन महिना झालेला. रत्नागिरीहून मित्राचे आई-वडील सहा महिन्यांसाठी आलेले होते. मागच्या अंगणात कचऱ्याचं मोठं पिंप पाण्याने भरून मोटर त्यात उतरवली. टाकीच्या माथ्यावर एक बटण असतं, ते दहा-बारा वेळा दाबून पेट्रोल कार्बोरेटरात चढवायचं, बोटाला विरोध जाणवला की थांबायचं. जलद आणि मंद अशा दोन सुया पुढच्या पट्टीवर असतात. मी जलद सुई एक आटा आणि मंद दीड आटा उघडली, चोक ओढला. पाचव्या ओढीला मोटर सुरू झाली. निळा धूर, पिंपातलं पाणी उसळायला लागलं, काका टाळ्या वाजवायला लागले.

मित्र ओरडला, "पाणी फेकत नाहीये!" नव्या मोटरांना पाण्याची एक बारीक धार बाहेर पडते, ती दिसली की पंप चालू आहे असं समजतात. या मोटरला ती धारच नाही. पायाच्या मागच्या भोकांतून वाफेसोबत शिंतोडे येतात, तेवढंच. हात लावून बघितला तर सिलिंडरचा माथा कोमट होता. ठीक.

आणि चार मिनिटांनी मोटर कुरकुरत बंद पडली.

परत बटण दाबलं, दोरी ओढली, पहिल्या ओढीला चालू. चार मिनिटांनी बंद. परत तसंच.

मित्राचं म्हणणं, कॉइल तापून मरतेय. हे म्हणणं वेडगळ नव्हतं. थंडपणी ठिणगी देणारी आणि तापल्यावर जाणारी कॉइल हा जुना नमुना आहे, आणि नव्या भागातही खोट निघू शकते. मी पण तासभर त्याच्याच मागे होतो. तपासणीची फट प्लगच्या तारेत लावून मोटर बंद पडेपर्यंत बघत बसलो. मरतानासुद्धा ठिणगी निळीच होती. तरी मी प्लग बदलले. खोक्यातले घेतले, आठांपैकी दोन, आणि तेव्हा हात थबकला. माझ्या आधी इथे उभ्या असलेल्या माणसाने हेच केलं होतं. चार जोड्या प्लग, आणि प्रत्येक जोडी दहा-पंधरा मिनिटं वापरून काढलेली.

मग जे आधी करायचं ते केलं. मोटर कुरकुरायला लागली तसं दोरीला हात न लावता टाकीचं बटण दाबलं. मोटर सावरली. दाबत राहिलो, चालत राहिली. सोडलं, मेली. म्हणजे ठिणगीचा प्रश्नच नव्हता, पेट्रोल वर येत नव्हतं.

काकू चहा घेऊन आल्या होत्या. "काय झालं रे?" म्हणाल्या. मी टाकीचं झाकण काढून त्यांच्या हातात दिलं आणि सांगायला लागलो की या मोटरवर पेट्रोलचा पंप नसतो. इंजिनच्या क्रँककेसमधली दाबाची हवा एका नळीतून टाकीत येते आणि त्या दाबाने दुसऱ्या नळीतून पेट्रोल वर जातं. म्हणून नळी दुहेरी. "अहो काकू, आपला पंपाचा स्टोव्ह कसा असायचा, तसंच. हवा भरली की रॉकेल वर चढतं, फक्त इथे पंप इंजिनच मारतं."

काकूंनी तीस वर्षं पितळी स्टोव्हवर स्वयंपाक केलेला. झाकण उजेडाकडे धरून त्या म्हणाल्या, "मग याला भोक कशाला ठेवलंय?"

झाकणाच्या मधोमध दीड मिलिमीटरचं भोक होतं. कारखान्याचं नव्हे, ड्रिलने पाडलेलं. आतून बाहेरून कडा साफ केलेल्या, जराही ओरखडा नाही. व्यवस्थित माणसाने व्यवस्थित केलेलं काम.

त्याचा विचार काय असणार ते लगेच कळलं. नव्या टाकीच्या झाकणाला हवा आत जायला वाट लागते, नाहीतर पेट्रोल उपसलं जाताना आत पोकळी होते आणि इंजिन बंद पडतं. गवत कापायच्या यंत्रालाही तशी वाट असते. त्याची मोटर चालता चालता बंद पडायला लागली, झाकणाला वाट दिसली नाही, त्याने करून दिली. पण ही टाकी वातीच्या स्टोव्हची नाही, पंपाच्या स्टोव्हची. त्या भोकातून दाब निघून जात होता. बटण दाबून जेवढं चढवलं तेवढं पेट्रोल जळलं की मोटर मरणार. मग प्लग. मग फवारा. मग आणखी प्लग. मग शेड.

पहिली गळती वेगळी असणार, कारण भोक पाडायची वेळ आली म्हणजे त्याआधीच काहीतरी बिघडलेलं होतं. ती शोधायला झाकणाचं भोक सोल्डरने बंद केलं. झाकण टाकीपासून लांब नेऊन, धुऊन, वाळवून मगच डाग दिला. त्याच्या आतल्या रबराची चकती बदलली. मग रिकाम्या टाकीत सायकलच्या पंपाने अगदी थोडी हवा भरली आणि साबणाचं पाणी ब्रशने सगळीकडे फिरवलं. बटणाच्या खालच्या पडद्याच्या कडेने बारीक फुगे आले, एकामागून एक. रबराचा पडदा कडेला चिरलेला होता. मूळ बिघाड तो होता. दोन बोटांएवढा रबराचा तुकडा आणि एक पॅकिंग. सगळं मिळून एका चांगल्या जेवणाच्या बिलाएवढा खर्च. दुहेरी नळीही नवी घातली. जुनी वाकवली की बारीक भेगा दिसत होत्या, आणि दाबाखालची नळी फाटली तर पेट्रोल ठिबकत नाही, उडतं.

पंप बसवायचा का

इथे माझं आणि मित्राचं पटलं नाही. ही व्यवस्था काढून टाकून मोटरवर छोटा डायफ्रॅम पंप बसवता येतो. क्रँककेसच्या धडधडीवर तो चालतो. त्यासाठी मॅनिफोल्डमधल्या एकतर्फी झडपा काढाव्या लागतात, टाकीकडची हवेची वाट बुजवावी लागते, आणि मग साधी आधुनिक टाकी एका नळीने जोडता येते. अनेक लोक हे करतात. माझं मत तेच होतं. बोटीत पायाशी दाबाखाली पेट्रोलची टाकी आणि शेजारी मुलं बसलेली, हे मला बरं वाटत नाही.

मित्राचं म्हणणं, १९५६ ची मोटर १९५६ सारखी चालवायची. मोटर त्याची. मी तीन गोष्टी कबूल करून घेतल्या. नळी काढायच्या आधी झाकण हळूच सैल करून दाब सोडायचा, फुस्स आवाज संपेपर्यंत थांबायचं. टाकी बोटीत ठेवून भरायची नाही, जमिनीवर उतरवून भरायची. आणि ती गॅरेजमध्ये ठेवायची नाही, कारण त्याच्या गॅरेजमध्ये गॅसचा गिझर आहे आणि त्याची ज्योत चोवीस तास जळते. दाबात राहिलेल्या टाकीचं झाकण जरा जरी ढिलं असेल तर पेट्रोलची वाफ जमिनीवरून सरपटत त्या ज्योतीपर्यंत जाते. शेडमध्ये ठेव म्हटलं, जिथे होती तिथेच.

तळ्यावर

जूनच्या दुसऱ्या रविवारी चौदा फुटी अॅल्युमिनियमच्या बोटीला मोटर लावली. पिंपात केलेली सुयांची जुळणी पाण्यावर उपयोगाची नसते, कारण पिंपात पंख्याला खरा भार मिळत नाही. पूर्ण वेगात जाताना जलद सुई हळूहळू आत घेत गेलो. मोटर जराशी अडखळली, तिथून पाव आटा मागे. मग वेग कमी करून मंद सुईही तशीच जुळवली. पाच मिनिटांचं काम, पण ते बोटीतच करावं लागतं.

सलग पन्नास मिनिटं चाललो. काका पुढे बसले होते, काकू काठावरच थांबल्या. परत येताना उथळ पाण्यात पंखा दगडाला लागला आणि मोटर एकदम मोकळी गरगरायला लागली. पिन तुटली, म्हणजे तिने आपलं काम केलं. खिशात दुसरी होती. पंख्याचा शंकू काढून पिन घालायला, पाण्यात पडू न देता, दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत काकांनी मला विचारलं की ही मोटर रॉकेलवर चालेल का, गावाकडे त्यांनी तशा बघितल्या होत्या. ही नाही चालणार, म्हटलं. रॉकेलच्या मोटरांचं कॉम्प्रेशन कमी ठेवलेलं असतं आणि पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर त्या रॉकेलवर नेतात. काकांना ते माहीत होतं, फक्त माझी परीक्षा घेत होते.

बाहेर काढल्यावर बोटीचं तळाचं बूच काढून सगळं पाणी गाळलं. मिनेसोटात तसा नियमच आहे, एका तळ्यातले परके शिंपले दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. मोटर उभी ठेवून पायातलं पाणीही निथळू दिलं.

ऑक्टोबरमध्ये मोटर परत घोडीवर गेली. टाकी आणि कार्बोरेटर रिकामे केले, सिलिंडरांत तेल घालून दोरी दोनदा ओढली. मित्राने ती जुनी पुठ्ठ्याची चिठ्ठी सुतळीसकट जपून ठेवली होती. तिची पाठ कोरी होती. त्याने तिच्यावर मार्करने लिहिलं : जॉन्सन क्यूडी-१७, १९५६. २४ ला १. बिनइथेनॉल. झाकणाला भोक पाडू नये.

मराठीत लिहिलं. मी म्हटलं, पुढच्या मालकाला कसं वाचता येणार? तो म्हणाला, खाली इंग्रजीतही लिहितो, थांब. चिठ्ठीवर जागा उरली नव्हती.